जिममधल्या सरांनी 7,800 चा सेट लिहून दिलाय, घेऊ का?

सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वय 23, वजन 58 किलो, उंची पाच फूट आठ. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. जिम लावून चार महिने झाले, पण दंडात काही फरक दिसेना. सरांना विचारलं तर त्यांनी कागदावर लिहूनच दिलं: व्हे प्रोटीन एक किलो, बीसीएए एक डबा, मास गेनर (वजन वाढवायची पावडर) तीन किलो. बाहेर 7,800, त्यांच्याकडून घेतलं तर 7,200. माझ्या हातात पगार येतो 16,500.

आईला सांगितलं तर तिने जेवतं ताट बाजूला सारलं. मामांचं डायलिसिस चालू आहे, त्यामुळे पावडर म्हटलं की तिला किडनीच दिसते. आणि सर म्हणतात, बीसीएए नाही घेतलं तर केलेला व्यायाम सगळा पाण्यात.

खाणं असं: सकाळी पोहे, डब्यात चार चपात्या आणि भाजी, रात्री दोन भाकरी, आमटी, भात. चहा तीन वेळा. रविवारी चिकन असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात वशाट चालत नाही, अंडंसुद्धा नाही. खरं काय ते सांगा.

दूधलॅब

भावा, मी सतरा वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे आणि चाळिशीनंतर जिमलाही जातो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी व्हे म्हणजे काय ते ऐक. आईने घरी पनीर केलं की फडक्यातून जे हिरवट-पिवळं पाणी गळतं, त्याचाच हा भाऊबंद. तो हिरवट रंग दुधातल्या बी-2 जीवनसत्त्वाचा. डब्यातलं व्हे बहुतेक चीज कारखान्यातल्या पाण्याचं असतं. ते गाळून, आटवून, वाळवून भुकटी करतात. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसीन, ते चीज-पनीरमध्ये जातं. उरलेलं 20 टक्के त्या पाण्यात. म्हणजे एका चमच्यातली (डब्यात येतो तो मोठा चमचा) 24 ग्रॅम प्रथिनं गोळा व्हायला साडेतीन-चार लिटर दूध लागतं. हे औषध नाही आणि विषही नाही. दुधाचाच एक भाग आहे, फक्त चॉकलेटचा वास मारलेला.

आता तुझ्या ताटाचा हिशोब करू. पोहे 5 ग्रॅम, चपात्या 12, भाजी 3, भाकरी 7, आमटी 4 (तीही दाट असली तर), भात 4, चहातलं दूध 3. झाले 38. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने साध्या माणसालाही किलोमागे 0.83 ग्रॅम लागतं, म्हणजे तुला 48. वजन उचलणाऱ्याला 1.6 च्या आसपास धरतात, म्हणजे 93. तू भट्टीसमोर आठ तास उभा राहून, वर जिम करून, साध्या माणसापेक्षाही कमी खातोयस. दंड वाढणार कशावर?

बीसीएए मात्र घेऊच नको. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात अशी नऊ अमिनो आम्लं (प्रथिनांच्या विटा) आहेत. बीसीएएच्या डब्यात त्यातली तीनच: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. ल्युसिन स्नायू बांधायचा इशारा देतं हे खरं, पण बांधकामाला बाकीची सहा पण लागतात. मोहरी, जिरं, हिंग आणून फोडणी होते, आमटी होत नाही. शिवाय व्हेच्या एका चमच्यात हीच तिन्ही मिळून साडेपाच ग्रॅमच्या आसपास आयती असतात, डब्यावर बघ, छापलेलं असतं. सर तुला एकच माल दोनदा विकतायत.

गेनरचं तर बोलूच नको. मागच्या बाजूला पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल. ते स्टार्चपासून करतात. तीन किलोचा डबा म्हणजे बराचसा तोच, वर थोडं प्रोटीन. त्यापेक्षा दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू खा.

आता माझी फजिती सांगतो, कारण डबा घेतलास तर ही कामाला येईल. 2016 साली मी 1,400 रुपयांना एक किलोचा डबा आणला. स्वस्त का, हा प्रश्न पडला नाही, उलट आनंद झाला. लॅबवाला माणूस, तेव्हा रात्रपाळीत नमुना जेल्डालला लावला. आमच्याकडे दुधाची प्रथिनं अशीच मोजतात: नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात काढायचा, मोजायचा आणि 6.38 ने गुणायचं. आकडा आला 78 टक्के. डब्यावरही 78. मी सकाळी सगळ्यांना पेढे द्यायचाच बाकी होतो.

आमच्या सिनिअर मॅडमनी डबा फिरवून घटक वाचले. व्हेनंतर लगेच ग्लायसिन, मग टॉरिन. म्हणाल्या, "अरे, मशीन प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजतं." ग्लायसिन हे स्वस्तातलं अमिनो आम्ल. त्यात नायट्रोजन जास्त, म्हणून एक ग्रॅम घातलं की आमच्या तपासणीत जवळजवळ 1.2 ग्रॅम 'प्रोटीन' दिसतं. 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन सापडलं, ते याच पळवाटेतून. मॅडमनी मग एक चमचा उकळत्या पाण्यात टाकला. चांगलं व्हे उकळत्या पाण्यात फाटतं, गुठळ्या होतात. माझं निम्म्याहून जास्त विरघळून गेलं आणि पाणी गोडुस लागलं. ग्लायसिन चवीला गोडच असतं. (घरी हा प्रयोग करून निकाल लावू नको, त्याने सगळं कळत नाही.) त्या डब्याचं पुढे काय केलं विचारू नको, 1,400 रुपये होते, संपवला.

हे फक्त माझ्यासोबत झालं असंही नाही. केरळमधल्या एका यकृततज्ज्ञाच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासून 2024 मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या 25 वर प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. म्हणून घ्यायचंच ठरलं तर घटकांत ग्लायसिन, टॉरिन असलेलं उचलू नको, 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक बघ, आणि सील फुटलेला डबा, भले सरांनी दिलेला असो, घेऊ नको.

पण आधी हे कर. सुकी सोयावडी 50 ग्रॅम: 26 ग्रॅम प्रथिनं, खर्च सहा-सात रुपये. अर्धा लिटर दूध: 16-17 ग्रॅम. चालतं त्या दिवशी तीन अंडी: 18. मूठभर शेंगदाणे: 7. अंडं चालत नाही त्या वारी मटकीची उसळ, वाटीभर नव्हे, ताटभर. एवढ्याने 93 च्या जवळ जातोस. तरी कमी पडलं तर फक्त व्हे, दिवसाला एक चमचा.

लाल_माती

पावडरीचा नाद कशाला? आम्ही कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत होतो तेव्हा पहाटे जोर-बैठका आणि नंतर थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, पाट्यावर वाटून. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, तिथल्या तिथं पेलाभर. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीतून पदक आणलं, ते काय डबा खाऊन? पोरांनो, खुराक आणि मेहनत, एवढंच.

दूधलॅब

वस्ताद, दूध कट्ट्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, तिथं मीही उभा राहिलोय. पण बदामाचा हिशोब लावू या. 100 ग्रॅम बदामात प्रथिनं 21 ग्रॅम. व्हेच्या एका चमच्याएवढी प्रथिनं हवी तर 115 ग्रॅम बदाम, म्हणजे आजच्या भावाने शंभरच्या वर रुपये, आणि साडेसहाशे कॅलरी सोबत. व्हेचा चमचा 75-80 ला पडतो. तुम्ही हजार बैठका मारत होता, तुमचं जिरत होतं. आणि तुमचा खुराक बऱ्याचदा कुणीतरी पुरवत होतं. हा पोरगा 16,500 त घर चालवतोय.

लाल_माती

ते खरं हाय. आमचा खुराक गावानं वर्गणी काढून दिला होता.

सिस्टर_नाईट_ड्युटी

मी डायलिसिस युनिटला आहे, म्हणून फक्त आईच्या भीतीबद्दल लिहिते. आमच्याकडे खुर्चीवर येणाऱ्यांत सगळ्यात जास्त जण शुगर आणि बीपीवाले. वर्षानुवर्षं दुखणं थांबवायच्या गोळ्या खाल्लेलेही असतात. धडधाकट किडनीला या प्रमाणातलं प्रोटीन बिघडवतं असं दिसत नाही. पण किडनी आधीच कमजोर असेल तर प्रोटीन वाढवणं महागात पडतं, आणि ते वरून कळत नाही. दादा, तुझे मामा आईचे सख्खे भाऊ ना? मग रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन, दोन्ही करून घे, बीपी मोज आणि रिपोर्ट आईच्या हातात दे. मामांना शुगरमुळे झालं की घराण्यात काही आहे, तेही विचार.

क्रिएटिन (जिमवाले घेतात ती वेगळी पावडर) घेत असशील तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांग, त्याने क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि उगाच घाबरायला होतं. 2024 च्या सरकारी आहार मार्गदर्शनात तर शरीर कमवायला पावडरी टाळाच म्हटलंय, तेही ध्यानात ठेव. आणि सर कधी इंजेक्शन किंवा बिननावाच्या गोळ्या काढायला लागले तर जिम बदल.

सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय. क्रिएटिनिन 0.9, लघवीत काही नाही, बीपी बरोबर. मामांना 15 वर्षांची शुगर होती, आईलाच ते धड माहीत नव्हतं. रिपोर्ट तिने देवघरात ठेवलाय.

सेट घेतला नाही. सर आता 'काय डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारतात आणि बेंच प्रेसला धरायला येत नाहीत. वजन 59.2. उठताना बार हलका वाटतोय, की मलाच तसं वाटतंय माहीत नाही.

एकच अडचण आहे. सोयावडीचा वास. आईने दोनदा केली, दोन्ही वेळा बहीण दार उघडून बाहेर जेवायला बसली.

दूधलॅब

मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळव, पिळ, परत गार पाण्यात टाकून पिळ. दोन वेळा, हाताने, घट्ट. मग कांदा-लसूण चटणी घालून सुक्या मटणासारखी परत. बहिणीला आधी सांगू नको काय आहे ते.