रेडफर्न (सिडनी): एवढ्याशा उपनगराचे नाव इतिहासात इतक्या वेळा का येते?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सिडनी विद्यापीठात शिकते आणि सध्या मी तिच्याकडे राहायला आले आहे. विद्यापीठाकडे जाण्यासाठी आम्ही रोज रेडफर्न स्थानकावर उतरतो. स्थानकातून बाहेर पडताच लॉसन स्ट्रीटच्या पुलाच्या भिंतीवर एक लांबलचक जुने चित्र आहे, ज्यात ४०,००० वर्षांचा उल्लेख येतो. एका बाजूला रेल्वेच्या जुन्या विटांच्या प्रचंड शेड, दुसऱ्या बाजूला एकमेकांना चिकटलेली जुनी दुमजली घरे आणि मध्येच एक नवा कोरा उंच मनोरा असे ते सगळे दृश्य आहे. चालत अर्ध्या तासात हे उपनगर ओलांडता येते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाविषयी काहीही वाचायला घेतले, की रेडफर्नचे नाव कुठे ना कुठे येतेच.

माझा प्रश्न असा आहे की ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजाच्या शहरी चळवळीचे केंद्र नेमके याच ठिकाणी का झाले? हा केवळ योगायोग होता की त्यामागे काही ठोस कारणे होती? शिवाय ‘द ब्लॉक’ म्हणून ज्या वस्तीचा उल्लेख सतत येतो, ती आता दिसत का नाही? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_फिटर:

ताई, प्रश्न चांगला आहे. मी रेल्वे कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस असल्यामुळे तुम्ही पाहिलेल्या त्या विटांच्या शेडपासूनच सुरुवात करतो. माझ्या मते उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे.

ही मूळची गादिगल या ॲबोरिजिनल लोकांची भूमी. उपनगराला ज्याचे नाव मिळाले तो विल्यम रेडफर्न हा शल्यचिकित्सक होता आणि तो ऑस्ट्रेलियात आला तो कैदी म्हणून. १७९७ मध्ये ब्रिटिश आरमारातील खलाशांनी नोर येथे बंड केले, तेव्हा या तरुण वैद्याने बंडखोरांना ‘आपसांत अधिक एकजूट ठेवा’ असा सल्ला दिल्याचा ठपका त्याच्यावर आला. फाशीची शिक्षा सौम्य होऊन त्याची रवानगी वसाहतीत झाली, १८०१ मध्ये तो इथे पोहोचला आणि दोन वर्षांनी त्याला माफी मिळाली. १८१४ मध्ये कैद्यांना घेऊन आलेल्या तीन जहाजांवर माणसे मोठ्या संख्येने मेली, तेव्हा त्यानेच चौकशी करून अहवाल लिहिला. खेळती हवा, स्वच्छता, कैद्यांना डेकवर येऊ देणे आणि प्रत्येक जहाजावर अधिकार असलेला वैद्य नेमणे, अशा त्याच्या सूचना होत्या आणि त्यांमुळे पुढच्या प्रवासांतील मृत्यू पुष्कळ कमी झाले. १८१७ मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याला इथे १०० एकर जमीन दिली. ही जमीन मुळात देणाऱ्याची नव्हतीच, हे अर्थातच तेव्हा कोणी विचारात घेतले नाही.

१८५५ मध्ये सिडनी ते पॅरामाटा ही रेल्वे सुरू झाली आणि तिचे शहराकडील शेवटचे स्थानक रेडफर्नच्या नावानेच ओळखले जाई. आज तुम्ही ज्या स्थानकावर उतरता ते तेव्हा ‘इव्हली’ होते. १९०६ मध्ये सेंट्रल स्थानक उघडल्यावर त्याला रेडफर्न हे नाव मिळाले. इव्हलीचा रेल्वे कारखाना १८८७ मध्ये सुरू झाला आणि १९८९ मध्ये बंद पडला. मधल्या शंभर वर्षांत तिथे इंजिने दुरुस्त झाली, १९०८ पासून नवी बांधलीही गेली. लोहार, बॉयलर बनवणारे, फिटर, रंगारी अशा हजारो कामगारांना कारखान्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर घर हवे होते. तुम्हाला दिसलेली चिकटून बांधलेली घरे हा त्याचाच परिणाम आहे.

१९१७ चा मोठा संपही इथलाच. व्यवस्थापनाने प्रत्येक कामाला लागणारा वेळ कार्डावर नोंदवण्याची पद्धत आणली आणि स्वतःच्या कार्डावर काय लिहिले आहे हे कामगाराला पाहताही येत नसे. २ ऑगस्ट १९१७ रोजी इव्हली आणि रँडविकच्या ट्राम कारखान्यातील कामगार बाहेर पडले आणि संप राज्यभर पसरला. संप फसला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. बाथर्स्टला इंजिन चालवणारे बेन चिफली यांनाही संपाबद्दल शिक्षा भोगावी लागली. हेच चिफली पुढे देशाचे पंतप्रधान झाले. एकजुटीचा सल्ला दिल्याबद्दल हद्दपार झालेल्या माणसाचे नाव मिरवणाऱ्या गावात हे घडावे, याची मला नेहमीच गंमत वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. महामंदीच्या काळापासून आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर ॲबोरिजिनल कुटुंबे न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागातून रोजगारासाठी सिडनीला येऊ लागली. त्यांना रेल्वेत काम मिळे, जवळच्या वॉटर्लूमधील काचेच्या कारखान्यात मिळे आणि भाडेही परवडे. आधी आलेल्या नातेवाइकाकडे पुढचा येऊन उतरे. त्यांच्याही आधी, १८८० च्या दशकापासून, लेबनॉनमधून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली होती आणि त्यांच्या वखारींतून माल घेऊन फेरीवाले राज्यभर हिंडत असत. थोडक्यात, शहरात नव्याने आलेल्या, खिशात फारसे काही नसलेल्या माणसाने पहिला मुक्काम करावा असेच हे ठिकाण होते.

मेधा_कु:

जुना_फिटर यांनी माणसे इथे का आली ते उत्तम सांगितले आहे. मात्र स्वस्त भाडे आणि कारखाने सिडनीच्या इतरही उपनगरांत होते, त्यामुळे चळवळ इथेच का उभी राहिली याचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. मी इथे बरीच वर्षे समाजकार्याच्या क्षेत्रात काम करते, त्या वाचनातून आणि ऐकण्यातून लिहिते. शब्दाविषयी एक खुलासा आधी करते. मराठीत सहज ‘आदिवासी’ लिहिले जाते, परंतु त्या शब्दाला आपल्याकडील संदर्भ चिकटलेले आहेत. न्यू साउथ वेल्समधील अनेक ॲबोरिजिनल लोक स्वतःला ‘कूरी’ म्हणवतात.

१९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनेतील भेदभाव करणारे उल्लेख काढण्यास कौल दिला, आणि १९६९ मध्ये ज्या सरकारी मंडळाने दशकानुदशके कूरी कुटुंबांच्या आयुष्यावर हुकूमत गाजवली होती ते मंडळ या राज्यात बरखास्त झाले. कागदावर इतके बदलूनही रेडफर्नच्या रस्त्यावर रात्री काही वेगळेच चालत असे. एम्प्रेस हॉटेल हा कूरी लोकांचा भेटण्याचा अड्डा होता. पोलीस तिथे गाड्या घेऊन येत आणि माणसांना सरसकट भरून नेत. जणू काही अघोषित संचारबंदीच लागू होती. पॉल को, गॅरी विल्यम्स, गॅरी फोली अशा तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेविषयी वाचले होते. त्यांनी वही-पेन्सिल घेऊन पोलिसांवरच पाळत ठेवायला सुरुवात केली: कोणत्या गाडीतून, किती वाजता, कोणाला नेले. या नोंदी घेऊन ते वकिलांकडे गेले. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विधी शाखेचे पहिले अधिष्ठाता हॅल वूटन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९७० मध्ये ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस सुरू झाली. गरिबाला रस्त्यावरच्या साध्या कार्यालयात मोफत कायदेशीर मदत मिळावी, ही कल्पना ऑस्ट्रेलियात तेव्हा नवी होती.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस उभी राहिली. इतर दवाखान्यांत अपमान होतो किंवा पैसे परवडत नाहीत म्हणून माणसे आजार अंगावर काढत होती. त्यावर उपाय म्हणून समाजानेच आपला दवाखाना काढला, कारभार समाजाच्या हातात ठेवला आणि नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्यासारखे डॉक्टर तिथे स्वयंसेवक म्हणून आले. ‘मम शर्ल’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या शर्ली स्मिथ याही संस्थापकांपैकी एक होत्या. तुरुंगातील भावाला भेटता भेटता त्या इतर कैद्यांनाही भेटू लागल्या आणि कोणी नाते विचारले तर ‘मी त्याची आई’ असे सांगत, असे या नावामागचे कारण सांगितले जाते. आज देशभरात समाजाच्याच नियंत्रणाखाली चालणाऱ्या शंभराहून अधिक आरोग्यसेवा आहेत. त्यांची सुरुवात रेडफर्नच्या त्या दवाखान्यापासून झाली.

१९७२ मध्ये इथेच नॅशनल ब्लॅक थिएटर सुरू झाले. त्याच वर्षी २६ जानेवारीला कॅनबेरात जुन्या संसदेसमोर छत्री आणि फलक घेऊन बसलेले चार तरुणही सिडनीहून, याच वर्तुळातून गेले होते. तोच पुढे तंबूंचा दूतावास म्हणून प्रसिद्ध झाला.

म्हणून माझे उत्तर असे आहे की रेडफर्न केंद्र झाले ते इथे वकील, डॉक्टर, नाटक आणि घर या गोष्टी समाजाने स्वतः उभ्या केल्या म्हणून, आणि त्या एकमेकींपासून चालत पाच-दहा मिनिटांवर होत्या म्हणून. ज्याला रात्री पोलिसांनी पकडले त्याची आई सकाळी कुठे जायचे हे जाणत होती.

घराचा, म्हणजेच ‘द ब्लॉक’चा विषयही त्याच क्रमातला आहे. इव्हली, कॅरोलाइन, लुई आणि व्हाइन या रस्त्यांमधील घरांचे मालक ती रिकामी करून नूतनीकरण करणार होते आणि रिकाम्या घरांत आसरा घेतलेल्या कूरी लोकांना अटक होत होती. स्थानिक कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांना चर्चच्या सभागृहात जागा दिली, बांधकाम कामगारांच्या संघटनेने साथ दिली आणि १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या अनुदानातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीने घरे विकत घ्यायला सुरुवात केली. या प्रयत्नातील एक प्रमुख नाव बॉब बेलेअर यांचे आहे. आपल्या लोकांना कायदा कसा वागवतो हे पाहून ते कायदा शिकले आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पहिले ॲबोरिजिनल न्यायाधीश झाले.

दुसरी_बाजू:

मेधाताईंचे लेखन वाचनीय आहे, परंतु चित्र जरा जास्तच उजळ झाले आहे असे नम्रपणे सुचवतो. १९९० च्या दशकात ‘द ब्लॉक’ हेरॉइनच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध होता, घरांची दुर्दशा झाली होती आणि शेवटी ज्या कंपनीने ती विकत घेतली तिनेच ती टप्प्याटप्प्याने पाडली. फेब्रुवारी २००४ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलाचा सायकलवरून पडून मृत्यू झाला. पोलीस पाठलाग करत होते असे कुटुंबाचे म्हणणे होते. त्यानंतर स्थानकाच्या दारात रात्रभर दंगल झाली. समाजाने उभे केलेले सगळेच टिकले असे म्हणता येणार नाही.

मेधा_कु:

आपण मांडलेली वस्तुस्थिती मला मान्य आहे आणि ती मी आधीच लिहायला हवी होती. एवढेच जोडते की अमली पदार्थांना सर्वाधिक विरोध तिथल्याच आजी आणि आयांनी केला. घरे पाडल्यानंतरचा वाद अधिक बोलका आहे. मोकळ्या जागेवर आधी दुकाने आणि विद्यार्थी-निवास बांधायचा आणि परवडणारी घरे नंतर, असा बेत दिसू लागताच २०१४ मध्ये जेनी मन्रो या ज्येष्ठ कार्यकर्त्या तिथे तंबू ठोकून बसल्या. म्हणजे लढा त्यांच्याच समाजाच्या कंपनीशी होता. वर्षभराहून अधिक काळ तंबू हलले नाहीत, अखेरीस केंद्र सरकारने घरांसाठी निधीची हमी दिली आणि ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी ६२ घरे बांधली गेली. पाऊलवाट यांनी पाहिलेला उंच मनोरा म्हणजे त्याच प्रकल्पातील विद्यार्थी-निवास. प्रकल्पाला पेमुलवुय यांचे नाव दिले आहे. वसाहतीच्या पहिल्या वर्षांत ब्रिटिशांशी लढलेले ते योद्धे होत.

पाऊलवाट:

सर्वांचे मनापासून आभार. रोज दिसणाऱ्या मनोऱ्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहीन. रेडफर्न पार्कमध्ये पंतप्रधानांचे एक गाजलेले भाषण झाले होते असे मुलगी म्हणते. ते मैदान पाहण्यासारखे आहे का? आणि जागोजागी लाल-हिरव्या रंगात सशाचे चित्र दिसते, ते कशाचे?

जुना_फिटर:

भाषण पॉल कीटिंग यांचे, १० डिसेंबर १९९२ चे. त्याच वर्षी जूनमध्ये माबो खटल्याचा निकाल लागून मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क न्यायालयाने मान्य केला होता. जमिनी बळकावल्या, मुले आयांपासून तोडली, हे ‘आम्ही’ केले, असे पंतप्रधानाने कूरी श्रोत्यांसमोर उभे राहून म्हणणे हे तोवर घडले नव्हते. ध्वनिमुद्रण जरूर ऐका. सुरुवातीला गर्दी कुजबुजते आहे, मध्येच कोणी टोमणा मारते आहे आणि मग हळूहळू आवाज बदलत जातो.

ससा साउथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग संघाचा. १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न टाउन हॉलमध्ये त्याची स्थापना झाली. १९९९ च्या हंगामानंतर संघाला स्पर्धेतून काढून टाकले, तेव्हा हजारो लोक सिडनीच्या रस्त्यांवर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये संघ परतला. २०१४ मध्ये ४३ वर्षांनी अजिंक्यपद मिळाले, त्या रात्री रेडफर्नमध्ये फारसे कोणी झोपले नसावे. मैदान पार्कला लागूनच आहे.

आणि एक सांगायचे राहिले. रेल्वेच्या ज्या शेडमध्ये डबे बांधले जात, तिथे २००७ पासून कॅरेजवर्क्स हे कलाकेंद्र आहे आणि शनिवारी सकाळी तिथे शेतकरी बाजार भरतो. रुळांच्या पलीकडे, साउथ इव्हलीत, जुन्या लोहारशाळेतील अवजड यंत्रे जागच्या जागी जपून ठेवली आहेत. आधी ती पाहा आणि मग पार्ककडे चालत जा.