विशलिस्टची लिंक उघडत नाही, बारसं रविवारी आहे! मदत हवी आहे

फोंडेकरीण: ताईच्या बाळाचं बारसं रविवारी फोंड्याला आहे. एकसारखे आहेर नकोत म्हणून १४ वस्तूंची विशलिस्ट केली आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. मला व्यवस्थित दिसते. पुण्याची आत्या आणि मस्कतचे काका यांना 'यादी सापडली नाही' येतं. दोनदा पुसून परत केली. त्यात दोन पाळणे आधीच निघालेत! कृपया लवकर सांगा.

म्हापशेकर: कुठलं ॲप?

फोंडेकरीण: शॉपिंगचंच, सगळे वापरतात ते.

म्हापशेकर: अहो, तशी चार आहेत. यादी प्रायव्हेट आहे की शेअर्ड? लिंक शेअरच्या बटणातून घेतलीत की वरच्या पट्टीतून कॉपी केलीत?

फोंडेकरीण: पट्टीतून. लॅपटॉपवर केली होती.

म्हापशेकर: मग तेच. नवी यादी बहुधा प्रायव्हेटच तयार होते. तुम्ही लॉगिन असता म्हणून तुम्हाला दिसते. सेटिंगमध्ये जाऊन शेअर्ड करा आणि शेअर बटणातून 'फक्त पाहणे' ही लिंक घ्या. 'पाहणे व बदलणे' दिलीत तर कोणीही वस्तू काढून टाकेल. आधी इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी खिडकी, तिथे तुम्ही लॉगिन नसता) उघडून खात्री करा.

सांखळीची_आजी: आहेर सांगून मागवायचा हे मला पटत नाही. माणूस जे प्रेमाने आणेल ते घ्यावं.

पेडणेकर_मुंबई: आजी, माझ्या मुलाच्या बारशाला पाच एकाच मापाचे कपड्यांचे जोड आले आणि तीन महिन्यांत सगळे अपुरे झाले. प्रेम तेच राहतं, पैसे वाया जातात. मी गूगल शीट करतो, वस्तूपुढे नाव लिहायचं, झालं.

कीपवाला: शीट मोबाईलवर त्रासाची आहे. गूगल कीप या नोंदींच्या ॲपमध्ये चेकबॉक्सची यादी करा.

पेडणेकर_मुंबई: कीपमध्ये प्रत्येकाचा ईमेल घालून जोडावं लागतं. मस्कतच्या काकांचा ईमेल कोण शोधणार?

मडगावची_मावशी: व्हॉट्सॲपवर पोल टाक गो, सोपं.

म्हापशेकर: मावशी, पोलमध्ये १२ पर्याय मावतात, यादी १४ ची आहे. आणि मत कुणी दिलं ते सगळ्यांना दिसतं, ताई ग्रुपवर असेल तर तिलाही.

फोंडेकरीण: शेअर्ड केल्यावर आत्येला उघडली! पण पाळण्यासमोर अजून 'घेतला' दिसत नाही, का?

म्हापशेकर: दोघांनी यादीतून घेतला की ॲपमध्ये शोधून?

फोंडेकरीण: विचारलं. एकाने शोधून, दुसऱ्याने दुकानातून.

म्हापशेकर: मग यादीला ते कळणारच नाही. यादीतूनच वस्तू उघडून घेतली तर ती खरेदी झाली अशी खूण होते. आणि बऱ्याच ॲप्समध्ये यादी करणाऱ्याला खरेदी मुद्दाम दाखवत नाहीत, आश्चर्य टिकावं म्हणून, तेही सेटिंगमध्ये पाहा. पाळणा यादीतून काढा आणि ग्रुपवर लिहा, 'दुकानातून घेतलं तर मला कळवा'.

फोंडेकरीण: काढला. एक पाळणा परत जातोय, त्याऐवजी काका मच्छरदाणी देतायत. देव बरें करूं.

सांखळीची_आजी: मच्छरदाणी बरी. कपडे सहा महिन्यांच्या मापाचे सांग. आणि बाळाचं नाव काय ठरवलंत?