घरी केलेला टेबल-लँप सारखा कलंडतोय, बैठक कशी करू?

दिवेलागण:
उशाशी ठेवायला वाचनाचा दिवा घरीच केलाय. खाली सागवानी ठोकळा, १० सेंमी चौरस, ३ सेंमी जाड. मधोमध भोक पाडून १० मिमीची पितळी नळी ठोकून बसवली. तिच्या दोन्ही टोकांना आटे आहेत. वर पिनचा होल्डर आणि पत्र्याची शेड, एकूण उंची ३५ सेंमी. पुस्तकावर उजेड पडावा म्हणून शेड मुद्दाम ४ सेंमी पुढे काढली. वायर नळीच्या मध्यावर भोक पाडून बाहेर घेतली.

दिसतो झकास, पण दोन आठवड्यांत तीनदा आडवा झालाय. परवा तर मी नुसती चादर ओढली, तिच्यात वायर अडकली आणि महाशय थेट जमिनीवर.

दुसरी कटकट बल्बची. तो दाबून फिरवायला जावं तर बल्बाबरोबर अख्खी नळीच फिरते. लाकडाच्या गोंदाने चिकटवली होती, आठवड्यात सुटली. काल उघडून पाहिलं तर आतली वायर सुंभासारखी पिळलेली!

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं करून ठेवली आहेत: शेड-होल्डर-बल्ब मिळून ३०० ग्रॅम, नळी १२०, ठोकळा २००. बैठक नव्याने करायची तयारी आहे. फक्त 'मोठी कर' एवढंच सांगू नका, ते घरच्यांनी सांगून झालंय.

गिरमिट:
वजनं दिलीत ते बरं केलंत, नाहीतर इथे सगळे अंदाजपंचे सांगत बसतात.

वरचं सगळं वजन अगदी टोकाला धरलं, तर तुमच्या दिव्याचा गुरुत्वमध्य बुडापासून साधारण २१ सेंमीवर येतो. शिवाय शेड पुढे काढल्यामुळे तो मधल्या रेषेपासून २ सेंमी पुढे सरकलाय. ठोकळ्याची कड मध्यापासून ५ सेंमीवर, म्हणजे पुढच्या बाजूला हाताशी राहिले फक्त ३. उंची २१ आणि आधार ३, म्हणजे दिवा ८ अंश कलला की गेला. गादीच्या धक्क्यानेसुद्धा पडेल.

आता १६ सेंमी व्यासाची गोल बैठक धरा, जाडी तीच. खालून खोबण करून त्यात १२ सेंमी व्यासाची, ८ मिमी जाड लोखंडी चकती बसवा. तिचं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं. गुरुत्वमध्य उतरून ९ सेंमीवर येतो, पुढे सरकणं एक सेंमीच्याही आत. तोच दिवा आता ३५ अंशांच्या पुढे कलला तरी परत उभा राहतो. नुसती रुंदी वाढवून हे साधलं नसतं, बूड जड हवंच.

रबरी पाय मात्र लावू नका. तीन पाय डगमगत नाहीत हे खरं, पण दिवा कलंडतो तो दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून, आणि तीन पायांत ती रेषा मध्यापासून पायांच्या निम्म्याच अंतरावर असते. पाय ७ सेंमीवर लावलेत तर आधार साडेतीनचाच. इतकी मोठी बैठक करून ती अशी वाया कशाला घालवायची? त्यापेक्षा फक्त कडेने नमद्याची पट्टी चिकटवा आणि मधला भाग किंचित आत ठेवा. मग दिवा पूर्ण कडेवर टेकतो.

उगाच_एक:
एवढा उपद्व्याप कशाला? पोकळ डबा घ्यायचा, वाळू भरायची, झाकण लावायचं.

गिरमिट:
चालेल की. पण वाळू घनसेंटिमीटरला दीड-पावणेदोन ग्रॅम आणि लोखंड ७.८. तेवढ्याच वजनाला वाळूला चौपट-पाचपट जागा लागते, म्हणजे बैठक उंच होत जाते आणि नेमकं तेच आपल्याला नकोय.

हां, नळीचं राहिलंच. पितळ आणि लाकूड गोंदाने धरत नाही, आणि नुसतं लाकूड नटमध्ये आवळलं तर ऋतूप्रमाणे ते आकसतं-फुगतं आणि नट सैल पडतो. म्हणून नळी लाकडाला धरूच नका, चकतीला धरा. चकतीच्या मधल्या भोकातून नळी घालायची, वर एक नट, खाली एक नट, खालचा नट आणि चकती यांच्यामध्ये दातेरी वॉशर, आणि दोन पान्यांनी करकचून आवळायचं. मग चकती तीन स्क्रूंनी लाकडाला. चकतीतली स्क्रूंची भोकं मिलीमीटरभर मोठी ठेवा, लाकडाला हलायला वाव राहतो. बल्ब फिरवताना येणारा पीळ आता स्क्रू घेतील. खोबण मात्र वरचा-खालचा नट आणि वायरचं वळण मावेल एवढी खोल हवी.

तिसरी_तार:
सगळे वजनात गुंतलेत, वायरकडे कोणी बघतच नाहीये. ती पिळलेली वायर फेकून द्या, सरळ करून परत वापरू नका.

नळी पितळी, शेड पत्र्याची, आता चकती लोखंडी. एवढं धातू असताना वायर तीन तारांची घ्या आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार नळीला, शेडला पक्की जोडा. नळीची कापलेली तोंडं कानशीने घासून दोन्हीकडे प्लास्टिकचं बुश बसवा, त्या धारेवर आवरण हमखास सोलतं.

आणि वायर नळीच्या मध्यातून का काढलीत? तिथे ओढ बसली की ती दिव्याला पाडायलाच बघते. वायर बैठकीच्या खालच्या खाचेतून बाहेर काढा, म्हणजे ओढली तर दिवा फार तर सरकेल. आत शिरते तिथे दोन स्क्रूंची पकड लावा, गाठ मारून भागवू नका. मग प्लग काढून वायरला चांगला हिसका द्या. होल्डरजवळची टोकं तसूभरही हलता कामा नयेत.

दिवेलागण:
सगळं केलं. खाच पहिल्यांदा उथळ पडली, दिवा वायरवर टेकून डुलत होता, म्हणून पटाशीने अजून ३ मिमी खोल केली. बल्ब तीनदा काढून घातला, नळी ढिम्म हलत नाही. काल मुद्दाम वायर चादरीत अडकवून ओढून पाहिली, तर दिवा उभ्याउभ्या माझ्या मागे सरकत आला.