फाशीच्या कैद्यांत बायका इतक्या कमी का? आणि फाशी खरंच स्वस्त पडते का?

प्रश्न – लॉ_दुसरं_वर्ष, नागपूर
कॉलेजात फाशीवर वादविवाद आहे, मी विरोधी बाजूने बोलतेय. समोरच्यांचे मुद्दे ठरलेले आहेत: "जन्मठेपवाल्याला सरकारनं आयुष्यभर काहून पोसायचं?" आणि "बायकांना कोर्ट सूट देतं." २०१५ मध्ये याकूब मेमनला आपल्या वर्धा रोडवरच्या सेंट्रल जेलात फाशी झाली, तेव्हा मी शाळेत होते. त्यापुढे माझ्याकडे ठोस काही नाही.

उत्तर – वकीलकाकू, धंतोली
बेटा, आधी पैशाचं घे. पैसा लागतो तो फाशी द्यायची की नाही हे ठरवताना. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या २००३ च्या सरकारी लेखापरीक्षणात मृत्युदंडाच्या खटल्याचा खर्च साधारण १२.६ लाख डॉलर निघाला, मृत्युदंड न मागितलेल्या खुनाच्या खटल्याचा ७.४ लाख. तुरुंगात पोसण्याचा खर्च त्यात धरलेला होता!

आपल्याकडे आरोपीने अपील केलं नाही तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करावंच लागतं. मग सर्वोच्च न्यायालय, २०१४ पासून खुल्या कोर्टात तीन न्यायमूर्तींपुढे पुनर्विचार, नंतर दयेचा अर्ज. यातला टप्पा गाळून पैसे वाचवा म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालात फाशीचे जवळपास तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. टप्पा गाळला की मरणार तेच.

त्याच अहवालात ३८५ कैद्यांत बायका १२, म्हणजे तीन टक्के. देशातल्या एकूण कैद्यांतही बायका चारेक टक्केच आहेत. एवढ्यावरून सूट सिद्ध होत नाही. अमेरिकेत मात्र तफावत खरी आहे: खुनासाठी अटक होणाऱ्यांत बायका दहाएक टक्के, मृत्युदंडाच्या कैद्यांत दोनच्या आसपास. बाईच्या हातून खून झाला तर तो बहुतेकदा घरातल्याच माणसाचा असतो. दरोडा किंवा बलात्कार करून केलेल्या खुनात सरकारी वकील मृत्युदंड जास्त मागतात, आणि ते गुन्हे बहुतांशी पुरुषांचे.

उत्तर – महालवाला
काकू, मग कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित? लेकरं मारली त्यांनी. बाई म्हणूनच वाचल्या ना?

उत्तर – वकीलकाकू, धंतोली
नाही भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यांची फाशी कायम केली होती. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्जही फेटाळला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती सरकारने दयेच्या अर्जांवर वर्षानुवर्षं घोळ घातला म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने हाच आधार पुरुषांनाही दिला आहे. त्या लेकरांच्या आईबापांना सरकारने काय उत्तर द्यायचं, हा तुमचा राग मला पटतो. पण तो दिरंगाई करणाऱ्यांवर काढा.

प्रश्नकर्ती
काकू, मग कायद्यात बाईसाठी वेगळं काहीच नाही?

उत्तर – वकीलकाकू, धंतोली
एक आहे. फाशीची शिक्षा सुनावलेली बाई गरोदर असेल तर उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलायची. आधी नुसती पुढे ढकलताही येत होती, २००८ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. समोरचे हे नक्की काढतील. तेव्हा सांग, ही तरतूद पोटातल्या लेकरासाठी आहे.