आंघोळीचं पाणी: पाइप गॅस की वीज? बडोदेकरांनो, हिशोब मांडा

गोत्रीकर: आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये बिल्डर प्रत्येक बाथरूममध्ये विजेचा गिझर बसवून देतोय. मी म्हणतो, गॅसची लाइन स्वयंपाकघरापर्यंत आली आहेच, मग पाणी गॅसवरच तापवा. अहो, बडोद्यात महापालिकेनं 1972 पासून पाइपनं गॅस दिलाय, देशात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून. आणि आपण विजेचं बिल वाढवत बसायचं?

हिशोब सोपा आहे. एक घनमीटर गॅसमध्ये साधारण 9000 किलोकॅलरी, विजेच्या एका युनिटात 860. गिझरच्या धुरातून वीसेक टक्के उष्णता वाया गेली तरी एक घनमीटर म्हणजे आठ युनिट धरा. गॅसचा दर युनिटच्या दराच्या आठपटीपेक्षा कमी असला, की गॅस जिंकला. आपापली बिलं काढा आणि बघा.

मांडवी_वाडा: बघितलं. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 वर न्यायला 300 किलोकॅलरी लागतात, म्हणजे जेमतेम 0.35 युनिट. चार माणसं, चार बादल्या: 1.4 युनिट. युनिट 7 रुपये धरलं तर दहा रुपयांच्या आत. तेच गॅसवर, घनमीटर 50 रुपये धरून, सव्वाआठ-साडेआठ रुपये. दीड रुपयासाठी भिंत फोडून लाइन ओढायची? त्यातून आपला हिवाळा म्हणजे दोन-अडीच महिन्यांची गंमत.

गोत्रीकर: भाऊ, टाकीचा गिझर चालू ठेवून विसरण्याचा खर्च धरा की! टाकीतलं पाणी निवतं, परत तापतं. गॅसचा गिझर नळ उघडल्यावर पेटतो, बंद केल्यावर विझतो. शिवाय 7 रुपये हा सरासरी दर झाला. गिझरची युनिटं बिलाच्या शेवटच्या, महाग टप्प्यात पडतात. इंधन अधिभार आणि वीज शुल्क त्यावर वेगळं.

रावपुरा_वहिनी: पैशांचं नंतर. बाथरूमच्या आत गॅसचा गिझर कोणी बसवू नका. खिडकी बंद असली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही की रंग नाही, माणूस आत कोसळतो आणि दाराला आतून कडी. गिझर बाल्कनीत किंवा डक्टमध्ये हवा, धुराची नळी बाहेर काढलेली हवी. नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये वीतभर झडप असते, तिला खिडकी म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. आणि सिलिंडरचा गिझर उचलून पाइपलाइनला जोडू नका, त्याचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं छिद्र, वेगळं असतं.

वासणा_रोड: वहिनींशी पूर्ण सहमत. पण मला दराचीच खात्री वाटत नाही. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे, म्हणजे जहाजानं येणाऱ्या द्रवरूप गॅसचे, भाव जगभर भडकले. दहेज बंदराला ही जहाजं लागतात ती आपल्या सोयीनं नाही.

गोत्रीकर: घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला देशातला गॅस आधी मिळतो. एप्रिल 2023 पासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या दहा टक्क्यांवर बांधला, आणि सुरुवातीला कमाल मर्यादा दर दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं माप) 6.5 डॉलर ठेवली. वीज काय आकाशातून पडते? कोळसा जाळून वीज करताना दोन-तृतीयांश उष्णता वाऱ्यावर जाते. ती वीज आणून परत पाणी तापवायचं, हा कुठला शहाणपणा?

मांजलपूर_इंजिनियर: काका, तुमचा मुद्दा साध्या कॉइलच्या गिझरला लागू पडतो. हीट पंप घ्या. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो, एका युनिटला तीन युनिटांचं काम. मग तुमची आठपट अडीच-पावणेतीनपटीवर येते, आणि 7 रुपये युनिटला 50 रुपये घनमीटरचा गॅस सरळ हरतो. हवा जितकी उबदार तितका तो जास्त काम देतो, म्हणजे दिल्लीपेक्षा बडोद्यात उत्तम. मशीन महाग आहे, हे खरं. एकट्या फ्लॅटला परवडणार नाही, पण गच्चीवर सामाईक बसवलं तर खर्च वाटला जातो. छतावर सोलर असेल आणि मशीन दुपारी चालवलं तर विचारूच नका.

मांडवी_वाडा: सामाईक! आमच्या सोसायटीत सामाईक पाण्याच्या मोटरच्या बिलावरून वर्षभर भांडण चालतं.

गोत्रीकर: तेच म्हणतोय. ज्याचं मीटर त्याचं पाणी. मशीन बिघडलं तर चाळीस घरं गारठणार, कमिटीची मीटिंग तीन आठवड्यांनी. इंजिनियर भाऊ, मशीनची किंमत, दुरुस्ती आणि किती घरांत वाटायचं हे धरून पाच वर्षांचा हिशोब टाका, मग बोलू. तोपर्यंत मी बिल्डरला बाल्कनीत गॅसचा पॉइंट काढायला सांगतो, वहिनींनी सांगितल्याप्रमाणे.

मांजलपूर_इंजिनियर: टाकतो. तुम्ही मात्र तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर सांगा, सरासरी नको.