एचटीएमएल ‘दोन दिवसांत उरका’ म्हणणाऱ्यांना

टॅबवाला: काल इथे नवशिक्यांना सल्ला मिळाला: ‘एचटीएमएल दोन दिवसांत उरका, फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार कोडसाचा) धरा, ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही साइट वापरता येणं) शेवटी टेस्टिंगवाले बघतील.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. डिव म्हणजे अर्थ नसलेला नुसता डबा; त्याला ऑनक्लिक (क्लिक केल्यावर चालणारा कोड) लावून केलेलं बटन माऊसने चालतं, पण टॅब दाबत गेलं की फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, त्याला ओलांडून पुढे जातो. मग फोकस यावा म्हणून टॅबइंडेक्स घाला, ‘हे बटन आहे’ सांगायला रोल घाला, एंटर आणि स्पेससाठी कोड लिहा. बटन टॅगमध्ये हे सगळं आयतं मिळतं. शेवटी काय बघणार? पाया उकरणार?

डेडलाइन: सल्ला माझाच. मुलाखतीत मला लेबल टॅग कुणी विचारला नाही, फ्रेमवर्क विचारलं. आधी नोकरी लागू दे. राहिलेल्याला एरिया (टॅग म्हणजे काय ते सांगणारे जादा गुणधर्म, रोल त्यातलाच) आहेच.

टॅबवाला: एरियाचा पहिलाच नियम वाचा: मूळ टॅगने भागत असेल तर एरिया वापरू नका. रोल लिहून नाव बदलतं, वागणं नाही.

फिकटराखाडी: टॅगचं सोडा, पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर देणाऱ्या डिझायनरना आवरा. साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला फरक) हे २००८ पासून डब्ल्यूसीएजीत, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, आहे!

कुंचला: झालं, आलं डिझायनरवर! फोकस कुठे आहे ते दाखवणारी कड मी आखून देते, सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘आउटलाइन नन’ लिहून ती उडवतं कोण?

फिकटराखाडी: ‘ती निळी चौकट काढा, घाण दिसते’ हा निरोप आमच्याकडे डिझाइनमधूनच आला होता. मेल जपून ठेवलाय.

कुंचला: मग सीएसएसमधलं फोकस-व्हिजिबल वापरायचं. बटनावर माऊसने क्लिक केलं तर कड दिसत नाही, कीबोर्डने आलं की दिसते. ते येत नव्हतं म्हणून चौकटच उडवलीत.

फिकटराखाडी: तेव्हा माहीत नव्हतं, ठीक आहे. पण निरोप तुमच्याच लोकांचा.

कानाने_वाचतो: मला दिसत नाही, एनव्हीडीए या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. लांब पानावर एच दाबत शीर्षकांवरून उड्या मारतो. परवा एका अर्जात सगळी शीर्षकं म्हणजे ठळक केलेले डिव. एच दाबलं, ‘पुढे शीर्षक नाही’. चाळीस मिनिटं बाणाने एकेक ओळ ऐकत गेलो, आणि ‘पाठवा’वर फोकसच जाईना. शेजाऱ्याला बोलावून माझी सगळी माहिती त्याच्यासमोर उघडी करावी लागली.

डेडलाइन: दोन दिवस कमी सांगितले, मान्य. दोन आठवडे द्या. पण मुलाखतीत फ्रेमवर्कच विचारतात, तो मुद्दा मी सोडत नाही.

टॅबवाला: मग कालचा सल्ला दुरुस्त करा, लोक तोच वाचतायत.

कुंचला: आणि तो मेल इथे टाका, नावं झाकून.