'पेपे ल मोको' (१९३७): कास्बा खरी की सेट? आणि शेवट बदलला का?

प्रश्न:
ज्युलियाँ द्युव्हिव्हिएचा हा फ्रेंच चित्रपट फिल्म क्लबात दाखवायचा आहे. पॅरिसहून पळालेला गुन्हेगार पेपे जिथे लपलाय, ती अल्जिअर्सची (अल्जिरिया) कास्बा वस्ती कुठे खरी आणि कुठे सेट? याच कथेवरच्या १९३८ च्या हॉलिवूडच्या 'अल्जिअर्स'मध्ये पेपे पोलिसांच्या गोळीने मरतो, इथे स्वतःच्या हाताने. असं का? दाखवताना काय सांभाळायचं? (शेवट फुटतोय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नये.)

रीळवाला:
दोन्ही आहे. शहराची काही दृश्यं अल्जिअर्समधली, पण वस्तीचा मोठा भाग पॅरिसजवळच्या झ्वँव्हिलच्या स्टुडिओत उभारलेला. कलादिग्दर्शन जाक क्रॉस यांचं. पेपे बंदराकडे उतरतो ते दृश्य नीट बघा. जाँ गाबँ पुढे चालतोय आणि मागच्या गल्ल्या पडद्यावर प्रक्षेपित केलेल्या आहेत. हे कळतं, आणि नवे प्रेक्षक तिथे हसतात. पण जो माणूस गल्लीबोळांच्या जिवावर वाचला, त्याच्या पायाखालून त्या गल्ल्या सुटत चालल्यात, हे त्या तुटकपणामुळेच पोचतं. मला तो चित्रपटातला सर्वांत धाडसी तुकडा वाटतो.

कृष्णधवल:
शेवटाचं कारण अमेरिकेतली तेव्हाची निर्मिती-संहिता, म्हणजे चित्रपटांत काय दाखवायचं याची नियमावली. गुन्हेगाराने आत्महत्या करून कायद्यातून सुटणं तिला चालत नव्हतं, म्हणून चार्ल्स बॉयरचा पेपे गोळी खाऊन पडतो. 'अल्जिअर्स'चा निर्माता वॉल्टर वँगरने हक्क घेऊन मूळ चित्रपट अमेरिकेत अडवून धरला. तिथे तो १९४१ मध्ये लागला.

या बदलात फार मोठं काहीतरी हातचं गेलं. मूळ चित्रपटात बेड्या पडलेला पेपे बंदराच्या लोखंडी गजांना धरून उभा आहे. त्याची पॅरिसची प्रेयसी गॅबी निघणाऱ्या जहाजाच्या डेकवर आहे, पण ती वर कास्बाकडे बघतेय. पेपे मेला, असं तिला इन्स्पेक्टर स्लिमानने आधीच सांगितलंय. तो जिवाच्या आकांताने "गॅबी!" म्हणून ओरडतो, नेमका तेव्हाच भोंगा वाजतो आणि ती कानांवर हात ठेवते. मग चाकू. पोलिसांची गोळी आली की हा फक्त फसलेल्या पळून जाण्याचा शेवट होतो.

रीळवाला:
दाखवताना आधी पडद्याचं प्रमाण तपासा. मूळ चौकट १.३७ : १ आहे. प्रोजेक्टर रुंद पडद्यावर ठेवलात तर चित्र ताणलं जातं आणि गाबँचा चेहरा फुगतो. सेटिंग ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. लांबी साधारण ९४ मिनिटं, मध्यंतर नको.

दुसरं, उपशीर्षकं. पेपे आणि गॅबी एकमेकांना पॅरिसमधल्या जागांची नावं सांगत जातात. त्याची नावं साध्या वस्तीतली, तिची झगमगाटातली, आणि 'प्लास ब्लांश' दोघांच्या तोंडून एकदम निघतं. प्रेम जुळतं ते तिथे. त्याला तिच्यात पॅरिस दिसतं. ही नावं उपशीर्षकांत गाळली असतील तर तो प्रसंग कोरडा जातो.

सागरगोटा:
वसाहतवादाबद्दल एक. कायद्याने अल्जिरिया १८४८ पासून फ्रान्सचाच भाग होता, तरी चित्रपट त्या माणसांना परकंच मानतो. सुरुवातीचं निवेदन बघा: दहा हजारांच्या जागेत चाळीस हजार माणसं, गच्चीला लागून गच्ची, पोलीस शिरले तर वाट चुकणार. स्थानिक माणसं गर्दी म्हणून दिसतात. पेपेची कास्बातली सोबतीण इनेस (लिन नोरो) आणि स्लिमान (ल्युका ग्रिदू) या मोठ्या भूमिका मात्र युरोपीय नटांकडे. संगीतात व्हँसाँ स्कोतोबरोबर मोहामेद इगेरबूशेन हे अल्जिरियन संगीतकार आहेत, त्यांचं नाव श्रेयनामावलीत दाखवून द्या. चर्चेत इनेसवर थांबा. पेपेला तिचा कंटाळा येतो आणि तीच त्याला पकडून देते. त्या वस्तीच्या बाजूने बोलणारी ती एकटीच आहे.

प्रश्नकर्ता:
आभार. आमच्या प्रतीत तानियाच्या गाण्याला उपशीर्षकंच नाहीत. काय करावं?

कृष्णधवल:
मग आधीच दोन वाक्यांत अर्थ सांगा: दूर देशी गेलेल्यांना आठवणारं जुनं पॅरिस, तिथल्या पवनचक्क्या, 'कुठे गेलं ते सगळं?' तानिया झालेली फ्रेहेल एकेकाळची खरीच मोठी गायिका. ती ग्रामोफोनवर तबकडी लावते, भिंतीवरच्या आपल्या तरुणपणच्या फोटोकडे बघते आणि तबकडीतल्या स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळते. डोळे भरून येतात. तेवढा वेळ खोलीत कुणाला बोलू देऊ नका.